मूर्खांचा लिलाव : बँक्सीच्या एका छापील चित्राचा अर्थ आणि भाव

'मॉरॉन्स' म्हणजे मूर्ख. बँक्सी या ब्रिटिश भित्तिचित्रकाराच्या या छापील चित्रात एक लिलावगृह दिसते. लिलाव पुकारणारा उंच मंचावर उभा आहे, समोर कोट घातलेली मंडळी दाटीवाटीने बसली आहेत आणि सगळ्यांचे लक्ष एका मोठ्या नक्षीदार चौकटीकडे लागले आहे. चौकटीत चित्र मात्र नाही. तिथे ठळक अक्षरांत एक इंग्रजी वाक्य लिहिले आहे. त्याचा आशय असा, की असला कचरा तुम्ही मूर्ख लोक खरोखरच पैसे मोजून घेता, यावर विश्वास बसत नाही. मूळ वाक्यात कचऱ्याच्या जागी चारचौघांत न उच्चारण्याजोगा शब्द आहे.

हे वाक्य ज्यांना उद्देशून आहे, त्याच लोकांनी हे चित्र रांगा लावून विकत घेतले. 2006 साली लॉस एंजेलिसमध्ये निघालेल्या पहिल्या आवृत्तीतील एका प्रतीला 500 डॉलर पडत होते. 2021 मध्ये त्यानंतरच्या आवृत्तीतील एक प्रत न्यूयॉर्कच्या एका गॅलरीतून 95,000 डॉलरला विकली गेली. साधारण 56 बाय 76 सेंटिमीटरचा हा कागद. त्यावरची थट्टा आणि त्याची वाढत गेलेली किंमत यांचा संबंध कसा जुळला, हे समजून घ्यायचे तर आधी त्या चौकटीत पूर्वी काय होते, ते पाहावे लागते.

30 मार्च 1987 रोजी लंडनच्या क्रिस्टीज लिलावगृहात व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे सूर्यफुलांचे एक चित्र विक्रीला निघाले. तो दिवस व्हॅन गॉगच्या जन्मतारखेचा होता. जपानच्या यासुदा या विमा कंपनीने ते 2 कोटी 47 लाख 50 हजार पौंडांना घेतले. तोवर कोणत्याही चित्राला लिलावात मिळालेल्या सर्वांत मोठ्या रकमेच्या ही रक्कम तिपटीहून अधिक होती. ज्या चित्रकाराची चित्रे हयातीत जवळपास कुणी विकत घेतली नाहीत आणि जो 1890 मध्ये हलाखीत गेला, त्याची फुले एका विमा कंपनीने घ्यावीत, ही बातमी जगभर गाजली. त्या दिवशी लिलावगृहात टिपलेले छायाचित्रही गाजले. बँक्सीने 'मॉरॉन्स'साठी आधार घेतला तो त्याच प्रसंगाचा. माणसे तशीच ठेवली, मंच तसाच ठेवला, सूर्यफुले तेवढी काढली आणि त्या जागी वाक्य बसवले.

हा बदल दिसतो त्यापेक्षा तिखट आहे. बँक्सीने तिथे एखादे वाईट चित्र लावले असते, तर थट्टा लोकांच्या आवडीची झाली असती. त्याने चित्रच काढून टाकल्यामुळे प्रश्न आवडीचा राहत नाही. चौकटीत काय आहे याकडे न पाहता बोली चालू आहे. चौकट, मंच, हातोडा आणि शेजारच्याने वर केलेला हात एवढ्यावर किंमत ठरते, असे हे चित्र सांगते. व्हॅन गॉगच्या चित्राला कचरा म्हणण्याचा त्यात हेतू दिसत नाही. कचरा म्हटले आहे ते बँक्सीच्या स्वतःच्या मालाला, आणि तो माल म्हणजे हेच चित्र.

सप्टेंबर 2006 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका गोदामात बँक्सीने 'बेअरली लीगल' नावाचे तीन दिवसांचे प्रदर्शन भरवले. आत सजवलेला दिवाणखाना होता आणि त्यात एक खरी हत्तीण उभी होती. तिच्या अंगावर भिंतीवरच्या कागदासारखी नक्षी रंगवली होती. जगातली गरिबी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असून कुणी तिच्याकडे पाहत नाही, असे तिच्यावरून सुचवायचे होते. प्राण्यांच्या बाजूने तक्रारी झाल्या आणि शेवटच्या दिवसाआधी तिचा रंग धुऊन काढावा लागला. हॉलिवूडचे नट-नट्या, त्यांत ब्रॅड पिट आणि अँजेलिना जोलीही, प्रदर्शनाला आल्याने वृत्तपत्रांची चंगळ झाली. गरिबीची चर्चा अर्थातच हत्तिणीच्या चर्चेमागे पडली.

या प्रदर्शनाच्या निमित्ताने सहा चित्रांचा एक संच तिथल्याच मॉडर्न मल्टिपल्स या छापखान्यात छापला गेला. प्रत्येक चित्राच्या 100 प्रती निघाल्या. 'मॉरॉन्स' त्या सहांपैकी एक. बाकीच्या पाचांतली चार पाहिली की याचा सूर अधिक स्पष्ट होतो. एकात आदिमानव भाले घेऊन दबा धरून बसले आहेत, आणि त्यांची शिकार म्हणजे सुपरमार्केटमधल्या ढकलगाड्या. दुसऱ्यात जुन्या धार्मिक चित्रांतल्यासारख्या शोक करणाऱ्या स्त्रिया आहेत. त्या ज्याच्यापुढे लोळण घेतात तो सेलचा आज शेवटचा दिवस असल्याचा फलक आहे. तिसऱ्यात आजीबाई बंडखोर घोषणांचे स्वेटर विणतात. आणि 'फेस्टिव्हल' नावाच्या चित्रात भांडवलशाही नष्ट करा असे छापलेला टी-शर्ट 30 डॉलरला घेण्यासाठी तरुण शिस्तीत रांग लावून उभे आहेत. बंडसुद्धा दुकानात मांडून विकता येते, हा या संचाचा धागा. तो संचही विकायलाच मांडला होता, हे विसरून चालत नाही.

फेब्रुवारी 2007 मध्ये लंडनच्या सदबीज लिलावगृहात बँक्सीची काही चित्रे विकली गेली. त्यांपैकी 'बॉम्बिंग मिडल इंग्लंड' या चित्राला 1 लाख 2 हजार पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. तोवर त्याच्या कोणत्याही चित्राला लिलावात एवढी किंमत आली नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन चित्रे अंदाजापेक्षा कितीतरी वर गेली. लिलाव चालू असतानाच बँक्सीने आपल्या संकेतस्थळावर 'मॉरॉन्स' झळकवले. आधीपासून असलेल्या चित्राला अशी नेमकी वेळ मिळाली, आणि तेव्हापासून ते त्याच्या प्रत्येक विक्रमी विक्रीची तळटीप होऊन बसले. त्याच वर्षी पिक्चर्स ऑन वॉल्स या लंडनच्या संस्थेने नव्या आवृत्त्या काढल्या. त्यांत पांढऱ्या कागदावरची एक होती, सेपिया रंगछटेची एक होती, काही प्रतींवर सही होती, काहींवर नव्हती. पांढऱ्या कागदावरच्या सहीविना आवृत्तीच्या 500 प्रती होत्या.

छापील चित्राला एवढी किंमत कशी, ही सामान्य वाचकाची पहिली शंका असते, आणि ती रास्त आहे. 'मॉरॉन्स' छापले गेले ते स्क्रीन प्रिंटिंगने. आपल्याकडे लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डे आणि टी-शर्ट ज्या पद्धतीने छापत आले, तीच ही पद्धत. लाकडी किंवा धातूच्या चौकटीवर बारीक जाळी ताणून बसवतात. चित्राचा जो भाग उमटवायचा नाही, तिथली छिद्रे रसायनाने बुजवतात. जाळीखाली कागद ठेवून वर शाई ओततात आणि रबरी पट्टीने, म्हणजे स्क्वीजीने, ती एका दमात ओढतात. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते आणि एक रंग दुसऱ्यावर नेमका बसवणे हे कारागिराचे कसब. अशा रीतीने हजारो प्रती काढता येतात, आणि अडचण नेमकी तिथे आहे. हव्या तेवढ्या प्रती निघू शकत असतील, तर कोणत्याच प्रतीला फारशी किंमत येणार नाही.

म्हणून कलाबाजाराने एक शिरस्ता पाडला आहे. छपाईआधीच एका आवृत्तीच्या किती प्रती काढायच्या ते जाहीर करतात आणि तेवढ्या निघाल्या की ती आवृत्ती पुन्हा छापत नाहीत. कागदाच्या खालच्या कडेला पेन्सिलीने अपूर्णांकासारखे दोन आकडे लिहिलेले असतात. एक प्रतीचा क्रमांक, दुसरा एकूण प्रतींचा. पिक्चर्स ऑन वॉल्सच्या प्रतींवर संस्थेचा शाईविना, नुसत्या दाबाने उठवलेला शिक्काही असतो. कागद तिरका धरून उजेडात पाहिला की तो दिसतो. पहिल्या क्रमांकाची प्रत शंभराव्यापेक्षा चांगली, असे स्क्रीन प्रिंटिंगमध्ये फारसे नसते, कारण सगळ्या प्रती जवळपास सारख्याच उमटतात. तरी लहान क्रमांकाचे वेड असलेले संग्राहक भेटतातच.

किमतीत खरा फरक पाडते ती सही. आपण कोण हे बँक्सीने स्वतः कधी जाहीर केलेले नाही, त्यामुळे त्याच्या हाताची खूण असलेला कागद विशेष मोलाचा मानला जातो. सही असलेली प्रत त्याच चित्राच्या सहीविना प्रतीपेक्षा कित्येकदा दुप्पट-तिप्पट भावाने जाते. त्यानंतर पाहतात ते कागदाची अवस्था. ऊन लागून विटलेला रंग, भिंतीवर टाचण्या लावल्याची भोके, घडी, ओलाव्याचे डाग, स्वस्त पुठ्ठ्यावर चिकटवल्याने पिवळी पडलेली कडा, यांतली एकही गोष्ट किमतीला चांगलाच फटका देते. 2006-07 मध्ये ही चित्रे घेणाऱ्यांत तरुण, बेताच्या मिळकतीचे लोक बरेच होते. त्यांनी ती घराच्या भिंतीवर सरळ लावली. त्यामुळे कोऱ्या अवस्थेतल्या प्रती आवृत्तीच्या आकड्यावरून वाटते त्याहून कमी आहेत.

तरीही हे सगळे प्रत अस्सल असेल तर. 2008 पासून ते ठरवण्याचे काम पेस्ट कंट्रोल या संस्थेकडे आहे. बँक्सीने स्वतःच उभी केलेली ही संस्था. तिच्या प्रमाणपत्राला दहा पौंडांची एक फाडलेली नोट जोडलेली असते. ती खरी नोट नव्हे. 2004 मध्ये बँक्सीने राणीच्या जागी डायनाचा चेहरा छापून खोट्या नोटा काढल्या होत्या, त्यांतली ती अर्धी. नोटेवर हाताने लिहिलेला क्रमांक फाटलेल्या रेषेवरून जातो आणि दुसरा अर्धा तुकडा पेस्ट कंट्रोलकडे राहतो. शंका आली तर दोन तुकडे जुळवून पाहायचे. खोट्या नोटेने खऱ्या चित्राची ग्वाही द्यावी, ही बँक्सीची आणखी एक थट्टा. आणि ती कामाला येणारी आहे. या प्रमाणपत्राविना मोठी लिलावगृहे त्याच्या चित्राला हात लावत नाहीत.

रस्त्यावरच्या भिंतींना मात्र पेस्ट कंट्रोल प्रमाणपत्र देत नाही. ती चित्रे विकण्यासाठी काढलेली नाहीत, असे तिचे म्हणणे. मे 2012 मध्ये उत्तर लंडनच्या वुड ग्रीन भागातल्या एका दुकानाच्या भिंतीवर ब्रिटनच्या झेंड्यांची तोरणे शिवणाऱ्या मुलाचे चित्र उमटले. पुढच्या वर्षी ते भिंतीसकट कापून नेले आणि मायामीच्या लिलावात दिसले. रहिवाशांनी आरडाओरडा केल्यावर ते तिथून मागे घेतले, पण जूनमध्ये लंडनमध्येच ते साडेसात लाख पौंडांहून अधिक रकमेला विकल्याचे सांगण्यात आले. अशा चित्राला गिऱ्हाईक मिळते, पण त्याच्या मागे वाद, मालकीचा प्रश्न आणि वस्तीची नाराजी लागलेली असते. कागदावरच्या चित्राला यातले काहीच नाही. रस्त्यावरच्या चित्रकाराच्या नावाचा सुरक्षित, हातात धरता येणारा आणि पुन्हा विकता येणारा भाग म्हणजे त्याची छापील चित्रे, आणि बाजाराने नेमका तोच उचलला.

चौकट आणि नाव काढून घेतले तर काय होते, हेही बँक्सीने एकदा करून दाखवले. ऑक्टोबर 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कशेजारी एक वयस्कर माणूस फुटपाथवर टपरी लावून बसला. त्याच्याकडे बँक्सीची सही असलेले अस्सल कॅनव्हास होते, किंमत प्रत्येकी 60 डॉलर. दिवसभर लोक शेजारून निघून गेले. एका बाईने दोन घेतले, तेही घासाघीस करून निम्म्या दरात. दिवसाचा गल्ला 420 डॉलर. दुसऱ्या दिवशी खरी गोष्ट जाहीर झाली तेव्हा त्याच कॅनव्हासची किंमत हजारो डॉलर धरली जाऊ लागली. कॅनव्हास तेच होते; आदल्या दिवशी नव्हती ती बातमी.

5 ऑक्टोबर 2018 चा प्रसंग तर जगाने पाहिला. सदबीजमध्ये 'गर्ल विथ बलून' या चित्रावर 8 लाख 60 हजार पौंडांना हातोडा पडला. लिलावगृहाचा खरेदीदाराकडून घ्यायचा आकार धरून ही रक्कम 10 लाख 42 हजार झाली. (लिलावाच्या बातम्यांत दिसणारा आकडा बहुधा असा आकारासह असतो, विकणाऱ्याच्या हाती पडणारी रक्कम त्याहून बरीच कमी असते.) हातोडा पडताच चौकटीत लपवलेले यंत्र सुरू झाले आणि चित्र खाली सरकत उभ्या पट्ट्यांत कापले गेले. अर्ध्यावर ते थांबले. खरेदीदार बाईंनी व्यवहार मोडला नाही. पेस्ट कंट्रोलने त्या अर्धवट कापलेल्या वस्तूला नवे नाव आणि नवे प्रमाणपत्र दिले. तीच वस्तू 14 ऑक्टोबर 2021 रोजी पुन्हा सदबीजमध्ये आली आणि 1 कोटी 85 लाख 82 हजार पौंडांना गेली. बाजाराला लाथ मारली, की बाजार लाथेची किंमत लावतो, हे यातून इतके उघड झाले की पुढच्या वेळी लाथ मारणाऱ्यावर संशय घेणे भागच आहे.

'मॉरॉन्स'च्या वाट्याला असा नाट्यमय प्रसंग आला तो 2021 च्या मार्चमध्ये, आणि तो बँक्सीने घडवलेला नव्हता. इंजेक्टिव्ह प्रोटोकॉल या क्रिप्टो कंपनीशी संबंधित मंडळींनी पांढऱ्या कागदावरची 500 प्रतींच्या आवृत्तीतली ती 95,000 डॉलरची प्रत घेतली, ब्रुकलिनच्या एका बागेत नेली आणि कॅमेऱ्यासमोर लायटरने पेटवून दिली. मग त्या जळालेल्या चित्राचा एनएफटी, म्हणजे ब्लॉकचेनवर नोंदलेला डिजिटल मालकीहक्क, विकायला काढला. 228.69 ईथर एवढ्या क्रिप्टो चलनाला तो गेला. त्या वेळच्या दराने हे साधारण 3 लाख 80 हजार डॉलर होतात. कागद शिल्लक राहिला तर किंमत कागदालाच चिकटून राहील, म्हणून कागद नष्ट केला, असे त्यांचे समर्थन होते. यासाठी 'मॉरॉन्स' निवडण्यामागचा हिशेबही उघड आहे. चौकटीत काहीच नसले तरी बोली लागते, हे वाक्य आता शब्दशः खरे करून दाखवायचे होते. पण एक बारकावा त्या धुरात हरवला. जळाली ती पाचशेतली एक प्रत. एखाद्या एकुलत्या एक कलाकृतीचा अंत झाला, अशा थाटात मथळे आले, आणि त्या आवृत्तीच्या उरलेल्या प्रती जागच्या जागी होत्या.

थट्टेचे लक्ष्य झालेल्या लिलावगृहांनीही ती मनावर घेतली नाही, उलट वापरून घेतली. सप्टेंबर 2019 मध्ये बँक्सीच्या छापील चित्रांचा ऑनलाइन लिलाव भरवताना क्रिस्टीजने त्याला नाव दिले तेच, चौकटीतले ते पूर्ण वाक्य. शिवीतल्या एका अक्षरावर फक्त फुली टाकली. 1987 ची सूर्यफुले विकणारे लिलावगृह तेच. टीका केली की ती जाहिरात होते, अशी तक्रार टीकाकार फार पूर्वीपासून करतात. इथे टीकेची छापील प्रत, टीकेचे शीर्षक आणि टीकेचे प्रमाणपत्र असे सगळेच विक्रीला होते.

मग ही थट्टा फसली का? बँक्सीचे टीकाकार हो म्हणतात. त्यांचे म्हणणे असे, की प्रती मर्यादित ठेवणारा, सही करणारा आणि अस्सलपणाची संस्था चालवणारा माणूस बाजाराबाहेर उभा नाही. हे खरेच आहे. पण पहिल्या विक्रीनंतर किंमत शंभर पटींनी वाढली, तर तो फायदा मुख्यतः प्रत विकणाऱ्याचा आणि लिलावगृहाचा, ही बाजूही विसरता येत नाही. पिक्चर्स ऑन वॉल्स 2017 च्या अखेरीस बंद झाली, तेव्हा तिच्या निरोपातही हीच कुरकुर होती : आपले चित्रकार प्रसिद्ध झाले आणि आपण छापलेली चित्रे खरेदी-विक्रीची वस्तू होऊन बसली. चित्राचा डंख यात बोथट झालेला नाही, फक्त तो रोख थोडा चुकवतो. 500 डॉलर मोजणारा हिशेबाने मूर्ख ठरलाच नाही. त्याने बहुतेक शेअरबाजारापेक्षा चांगली गुंतवणूक केली. वाक्य वाचून हसणारा प्रत्येक खरेदीदार ते दुसऱ्या कुणाला तरी उद्देशून आहे असे समजतो, आणि हीच समजूत ते विकत घ्यायला लावते.

एवढी मागणी म्हटल्यावर नकला आल्याच. स्क्रीन प्रिंटची नक्कल करणे तैलचित्राच्या नकलेपेक्षा सोपे असते, कारण जाळी, शाई आणि कागद कुठेही मिळतात. 2024 मध्ये इटलीतल्या पिसाच्या तपासयंत्रणेने युरोपभर पसरलेली बनावट कलाकृतींची साखळी उघडकीला आणली. त्यात बँक्सीबरोबरच वॉरहॉल आणि पिकासो यांच्या नावाच्या 2,100 हून अधिक नकली वस्तू सापडल्या. अशा बातम्यांनंतर गिऱ्हाईक अधिक सावध होते, आणि अर्ध्या नोटेचे प्रमाणपत्र नसलेल्या अस्सल प्रतीलाही भाव मिळेनासा होतो. जुन्या खरेदीची पावती जपून ठेवलेल्या मालकाला त्यामुळे पेस्ट कंट्रोलकडे अर्ज करून निर्णयाची वाट पाहावी लागते.

बँक्सीच्या छापील चित्रांचे भाव 2020-21 मध्ये शिगेला पोहोचले. टाळेबंदीत घरी बसलेला पैसा, ऑनलाइन लिलावांची सोय आणि क्रिप्टोतून आलेले नवे खरेदीदार यांचा त्यात मोठा वाटा होता. 2022 पासून व्याजदर वाढले, क्रिप्टोची चमक गेली आणि एकाच चित्राच्या अनेक प्रती एकदम विक्रीला येऊ लागल्या. भाव बरेच खाली उतरले. सहीविना प्रतींना याची झळ अधिक बसली, सही असलेल्या उत्तम प्रती त्यातल्या त्यात टिकून राहिल्या. 2006 आणि 2007 मध्ये घेतलेल्यांना ही घसरण जाणवण्याचे कारण नाही. 2021 च्या भावाने घेतलेल्या बहुतेकांना मात्र लिलावगृहाचा आकार आणि विम्याचा खर्च धरता आपली प्रत तोटा सोसल्याशिवाय काढणे अवघड झाले.